गवसणीखालचं टपाल

कुठलीही वस्तू उघडी राहिलेली आप्पांना खपत नाही. आप्पा म्हणजे माझे वडील. मिरजेत पन्नास वर्षं तानपुरे करतायत. वाद्य वाजवून झालं की त्याला गवसणी घालायची, ही सवय त्यांच्या हातांत इतकी मुरलीय की दिवेलागणीला ते घरभर फिरून मिक्सरसुद्धा झाकून ठेवतात. कॉम्प्युटरला तर त्यांनी मापं घेऊन खास गवसणी शिवून घेतली होती. आत कापूस, बाहेर जाड मरून कापड, वर नाडी. तानपुऱ्याची असते तशीच, फक्त चौकोनी.

तो कॉम्प्युटर आईचा. आप्पा पलीकडच्या खोलीतून भोपळा घासता घासता मजकूर सांगायचे, आई टाइप करायची, मोठ्यानं वाचून दाखवायची आणि पाठवून द्यायची. कुणाला तानपुरा कुठल्या पट्टीत हवाय, कुणाची जवारी बसून तारांचा झंकार गेलाय, कुणाची दांडी वाकलीय, असा सगळा पत्रव्यवहार. आप्पांचा मजकूर म्हणजे नुसती टोचणी. ‘तक्रार खोटी आहे. तारा गंजल्यात. बदला.’ वरचा ‘सप्रेम नमस्कार’ तेवढा आईच्या पदरचा.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी दर शनिवारी साताऱ्याहून मिरजेला येते आणि आठवड्याचं साचलेलं टपाल निपटते; आईची जुनी पत्रं मात्र मी कधी उघडली नव्हती. साताऱ्यात मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, त्यामुळे पत्रं लावणं, शोधणं मला नवं नाही. नवं होतं ते एका गुरुवारी आप्पांचा फोन आला ते. म्हणाले, “तुझ्या आईच्या मशीनचा पंखा सूर सोडाय लागलाय. अर्ध्या सुरानं खाली आलाय.”

मी हसले. त्या शनिवारी दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्यानं पेटी उघडली आणि सांगितलं की पंखा जायच्या बेतात आहे, मशीनही म्हातारं झालंय, फार दिवस धरू नका. मी आप्पांकडे बघतच राहिले. त्या पंख्याला सूर असतो हेच मला माहीत नव्हतं.

आता खरी भीती सुरू झाली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तेव्हा कळलं की आई ज्या प्रोग्रॅममधून मेल बघायची तो आलेली पत्रं नेटवरून खाली उतरवून घेतो आणि वरची पुसून टाकतो. पाठवलेलीही फक्त त्या मशीनमध्येच. मशीन गेलं की सगळं गेलं. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये उघडायचं मेल घ्या, त्या म्हणाल्या, पत्रं वरच राहतात, मिरजेतून बघा नाहीतर साताऱ्यातून. आईनं कधी डायरी लिहिली नाही, वाणसामानाच्या यादीपलीकडे तिच्या हातचं काही उरलेलं नाही. जी काय सतरा-अठरा वर्षांची अक्षरं होती ती त्या पेटीत होती.

आप्पांना हे सांगितलं तर त्यांचं एकच, “घरचं टपाल घरात असावं.” नेट गेलं तर काय करशील, म्हणाले. आता नेट नसलं तरी जुनं पत्र उघडतं, उद्या ते दुसऱ्याच्या दारात जाऊन मागायचं का? ते बरोबरच बोलत होते, आमच्या गल्लीतलं नेट खरंच दिवसाआड जातं. दोन शनिवार आम्ही भांडलो. माझा पारा चढायला वेळ लागत नाही, तो गुण त्यांचाच. शेवटी ते एका अटीवर तयार झाले. आधी जुनी पत्रं सगळी वर चढवायची, एकही मागं राहता कामा नये, आणि मगच जुनं बंद करायचं.

तिसऱ्या शनिवारी बाईंनी कागदावर लिहून दिलेल्या पायऱ्या बघत बघत मी पत्रं चढवायला लावली. पाठवलेली आधी, कारण ती आईची. आकडा मुंगीच्या पावलानं सरकत होता. दुपार टळली तरी संपेना. शेवटी आप्पांना ‘हे बंद करू नका’ असं बजावून मी भाजी आणायला गेले.

परत आले तेव्हा दिवे लागले होते. कॉम्प्युटरवर गवसणी होती. नाडी नीट सुरगाठ मारून बांधलेली, आणि आत काही आवाज नाही. गवसणी ओढून काढली तर तव्यासारखी धग अंगावर आली. मशीन तापून आपोआप बंद पडलं होतं, बटण दाबलं तरी हूं की चूं नाही.

“तू बंद करू नको म्हणालीस,” आप्पा म्हणाले. “झाकू नको म्हणाली न्हाईस.”

मी त्यांच्यावर कधी नव्हे इतकी ओरडले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही आईला दुसऱ्यांदा घालवलंत, असं काहीतरी. ते गवसणी उचलून तिची घडी घालत राहिले.

मी फोनवर नवं मेल उघडलं. पाठवलेल्या पत्रांची यादी आली. बोटानं खाली सारत गेले. तारखा मागं मागं जात होत्या, थांबतच नव्हत्या. मी नोकरीला लागले ते वर्ष गेलं, माझ्या लग्नाचं गेलं, आणि तळाशी आईनं पाठवलेलं पहिलं पत्र होतं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. एकूण एक वर पोचली होती. मिरजेच्या त्या कोपऱ्यातल्या पेटीतून निघून कुठल्या अज्ञात ठिकाणी जाऊन बसली होती आणि तिथून माझ्या तळहातावर उतरत होती. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं.

एक उघडलं. वर आप्पांचा मजकूर. ‘घाई करू नका. भोपळा वाळल्याशिवाय हात लावणार नाही.’ खाली दोन ओळी मोकळ्या, आणि मग: ‘यांच्या बोलण्याचा राग मानू नये. तुमच्या भोपळ्याला रोज सकाळी स्वतः उन्हात नेऊन ठेवतात.’ दुसरं उघडलं. ‘तुमचा तानपुरा पाठवला त्या दिवशी हे जेवले नाहीत. जपा त्याला.’ तिसरं. ‘जवारी पुन्हा लावून देतील. नाही म्हणतात, पण देतात.’

वाचून दाखवल्यावर ती या ओळी घालत असणार. प्रत्येक पत्राखाली एक, आणि कुठलीही दोनदा नाही.

मी आप्पांना वाचून दाखवल्या. ते घडी घातलेली गवसणी मांडीवर घेऊन ऐकत होते. मग म्हणाले, “ह्ये मी सांगितलं न्हवतं.”

दुसऱ्या दिवशी गार झालेलं मशीन सुरू झालं आणि आलेली पत्रंही वर गेली. त्यांत लोकांची उत्तरं होती, आणि निम्म्याअधिक उत्तरांत वहिनींना नमस्कार होता. लोक आपल्या जवारीसाठी परत परत येतात असं आप्पा इतकी वर्षं समजत होते. पुढचा आठवडाभर मी ग्रंथालयात जेवणाच्या सुट्टीत आईला वाचत होते. साताऱ्यात बसून, डबा तसाच ठेवून.

आता आम्ही मेल नेटवरच उघडतो. जुनं मशीन गवसणीत आहे, कायमचं. परवाच्या शनिवारी एका गायिकेला उत्तर द्यायचं होतं. आप्पांनी पलीकडून सांगितलं, “गवसणीत न घालता पाठवलात, म्हणून तडा गेला. चूक तुमची हाय.” मी टाइप केलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. पाठवायला बोट नेलं तेवढ्यात त्यांचं घासणं थांबलं.

“आता खाली तुझी एक वळ लिव,” ते म्हणाले. “आन् काय लिवलंस ते मला सांगू नको.”