ओळंबे आणि ज्वारीचं शेत

क्योतोत पीएच.डी. करत होते तेव्हा मी एका विधवा बाईंच्या घरी, वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. बाई ऐंशीच्या पुढच्या, काटक, मोजकं बोलणाऱ्या. माझा विषय प्राचीन रोमचा. लढाई जिंकली की रोमन लोक हरलेल्यांच्या जमिनी घ्यायचे आणि सैन्यातून निवृत्त झालेल्यांना वाटून द्यायचे. त्यावर मला विद्यापीठात पहिल्यांदाच जपानीतून बोलायचं होतं. त्या धास्तीने माझी भूकच मेली होती.

एका दुपारी बाईच म्हणाल्या, "मला वाचून दाखवा. चुकलात तर सांगेन."

त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी वाचू लागले. आधी मोजणीदार येतात. काठीवरच्या आडव्या दांड्यांना ओळंबे टांगून शेतांतून सरळ रेषा आखतात. जमिनीचे चौकोन पडतात. सैनिक चिठ्ठ्या टाकून ते वाटून घेतात. मूळ मालकांना हाकलतात, काही जण आपल्याच शेतात कूळ म्हणून राहतात.

बाईंनी कप खाली ठेवला. उठून पुढच्या दाराला कडी घातली, पडदा ओढला. बाहेर लख्ख ऊन होतं. काहीतरी भलतं बोलून गेले, आता खोली सोडावी लागणार, असंच वाटलं.

"ते परत आले का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"ज्यांची जमीन होती ते."

"पुस्तकांत फारसं सापडत नाही."

"येतात," त्या म्हणाल्या. "मी पाहिलंय."

त्यांचे वडील डोंगरातल्या गरीब खेड्यातले. जपानने चीनचा मांचुरिया घेतला, तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना तिकडे वसवलं. यांना घर तयार मिळालं, शेतही नांगरलेलं. दाराच्या चौकटीवर कुणीतरी मुलाची उंची मोजून खाचा केल्या होत्या. बाई तेव्हा छोटी मुलगी; सगळ्यांत वरची खाच बरोबर तिच्या डोक्याइतकी.

"हे कुणाचं?" तिने आईला विचारलं.

"कुणाचं नाही."

त्या दिवसापासून तिला त्या मुलाची भीती बसली. घराभोवती उंच ज्वारी. ती सळसळली की वाटायचं, तो आत उभा आहे.

बाई इथवर आल्या आणि दारावरची घंटा वाजली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. पुन्हा घंटा. मग दारातून एक चिठ्ठी आत सरकली, पावलं दूर गेली. पार्सलवाला होता. तरी आम्ही दोघी हललो नाही.

"युद्ध हरलो," त्या हळू आवाजात पुढे सांगू लागल्या. "वडील सैन्यात. एका सकाळी गावाभोवती तिथलीच, हाकललेली माणसं उभी. आई धाकट्याला पाठीशी बांधून मागच्या दाराने मला ज्वारीत घेऊन पळाली. शेताच्या कडेला एक बाई उभी होती, बरोबर मुलगी. माझ्याहून डोकंभर उंच. वाटलं, आता ही मारणार."

"मग?"

"त्या मुलीने माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ त्या खाचांच्या दाराकडे चालत गेली."

जपानला परतताना धाकटा भाऊ बंदरापर्यंतही जगला नाही.

मी कागद घेऊन म्हटलं, "हाकललेल्यांचं वाक्य काढून टाकते."

"काढू नका," त्या म्हणाल्या. "मी ऐकायला येईन."

आणि त्या खरंच आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. त्या वाक्याशी मी इतकी अडखळले, की प्राध्यापकांनी मान वर केली. मी बाईंकडे बघायचं टाळलं. नंतर कुणीतरी विचारलं, हाकललेल्यांचं पुढे काय झालं? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण आता तेच शोधणार आहे. हे आधी ठरवलेलं नव्हतं.

बसथांब्यावर बाईंनी माझी बाही धरली. बोटं गार पडली होती.

"ती मुलगी असेल अजून," त्या म्हणाल्या. "माझ्याहून थोडी मोठी."

बस आली. आम्ही चढलो, पण घर येईपर्यंत त्यांनी बाही सोडली नाही.