बाजूला काय दिसतं?

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. जालन्यात बंदुका दुरुस्त करणारे एक मिस्तरी होते. बंदुकीला दुर्बीण बसवायला कुणी आलं की ते त्याला दारात उभं करत, समोरच्या लिंबाच्या झाडाकडं पाहायला लावत आणि विचारत, "बाजूला काय दिसून राह्यलं?"

ज्वारीत रानडुकरं फार झाली म्हणून मीही गेलो. त्यांनी अडीचपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण दिली. तिच्यातून लिंब, शेळी, बाकड्यावर खोळंबलेली गिऱ्हाइकं, सगळं दिसलं. मी आठपटीची मागितली. तिच्यात एकच पान दिसलं, पाण्याखाली हलावं तसं. मी त्यातच हरवलो.

"पाटील, पान पाहता का शिकार करता?" ते हसले. "डुकराच्या बाजूचं कसं दिसंल मंग?"

"तुम्ही बसवा हो."

आठवड्यातच ज्वारीच्या कडेला डुकराचा खांदा भिंगात भरला. मी चाप ओढला. डुक्कर निसटलं, आणि पलीकडं चरणारी शेजारणीची गाभण गाय पडली. गाव जमला तेव्हा मी म्हणालो, "मिस्तरीनं दुर्बीण वाकडी बसवली." ती बिलकुल सरळ होती. पण बोल गावोगाव पसरला.

महिन्यानं मी दुर्बीण बदलायला गेलो. मिस्तरींनी आठपटीची तपासली, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि साधी बसवली. मंग मला दारात उभं केलं.

"बाजूला काय दिसून राह्यलं?"

लिंब दिसला. शेळी दिसली. बाकडं रिकामं होतं.

"काही न्हाई," मी म्हणालो.