मुद्देमाल बोलता झाला

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी एकटाच हसत बसतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "परत भोंगा का?"

नोकरीतला माझा तो शेवटचा दसरा. सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत बंद पडलेल्या कापड गिरणीची एक शेड होती आणि तिथे एका संस्थेने यंत्रांचं संग्रहालय उभं केलं होतं. आधी चरखा, मग हातमाग, मग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून नक्षी विणणारा जेकार्ड, मग यंत्रमाग. विणायची विद्या कुठून कुठे आली, हे चालता चालता कळावं अशी मांडणी होती. मधोमध मानाची जागा गिरणीच्या पितळी भोंग्याला. एके काळी त्याच्या आवाजावर अर्धं शहर उठायचं आणि डबा घेऊन निघायचं. दसऱ्याला संग्रहालयाचं उद्घाटन होतं आणि त्याच दिवशी भोंगा काचेच्या पेटीत कायमचा बंद होणार होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. ठाण्यात शस्त्रपूजेची धांदल. रायफली ओळीने मांडलेल्या, बेड्यांना हळदकुंकू, वायरलेस सेटला झेंडूची माळ. पोलीस देवभोळा नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी खंडेनवमीला एखाद्या ठाण्यात जाऊन यावं. तेवढ्यात संग्रहालयाचे चिटणीस धापा टाकत आले. भोंगा चोरीला गेला होता.

पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. भोंग्याच्या जागी एक नारळ ठेवलेला. इतका अदबशीर चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

किल्ली फक्त रखवालदाराकडे असायची. त्यांना सगळे अण्णा म्हणत. विणकर घराणं, घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. उमेदीची सगळी वर्षं याच गिरणीत गेलेली. आता नवरा-बायको आवारातल्याच एका खोलीत राहत होते. चिटणीसांनी माझ्यादेखत त्यांना सुनावलं, "संध्याकाळपर्यंत भोंगा मिळाला नाही, तर खोली रिकामी करायची. आणि चोरीची तक्रार तुमच्याच नावाने देईन." दारात उभ्या असलेल्या अण्णांच्या बायकोचा चेहरा उतरला. अण्णांनी मात्र भोंग्याच्या जागचा नारळ जरा सरळ करून ठेवला.

त्यांना ठाण्यात आणलं. चहा दिला, प्रसाद दिला. मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. आधी घरचं, मग कामाचं, मग मुद्द्याचं.

"भोंगा कुठे आहे, अण्णा?"

"येतोय की साहेब उद्याच्या आत."

"येतोय म्हणजे? पाय फुटले त्याला?"

"तसंच समजा की."

दरडावून पाहिलं, गोडीत घेऊन पाहिलं. हा गृहस्थ शिऱ्याचा द्रोण पुसून स्वच्छ करत बसलेला. गुन्हेगार सहसा पाण्याचा ग्लास मागतो. यांनी अजून थोडा शिरा मागितला.

इतक्यात आमचा खबरी आला. सात रस्ता चौकाजवळ त्याची चहाची गाडी. शहरातलं निम्मं राजकारण आणि सगळी भांडणं त्याच्या कानावरून जात. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "साब, सुबू चार बुड्ढे चाय पीने आए थे. बोल रे थे, बरसों से मूँ बंद करके बैठा है, आज उसको बोलता करना. खौलते पानी का बी बोले. मेरेकु लगा किसीकु उठाके लाए."

पोलीस खात्यात 'बोलतं करणं' म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. त्यात खौलतं, म्हणजे उकळतं पाणी. सणासुदीला अपहरण आणि वर छळ. मी दोन शिपाई साध्या कपड्यांत त्या म्हाताऱ्यांच्या शोधात पाठवले आणि परत अण्णांसमोर बसलो. माझं डोकं आधीच तापलेलं. चोरी एकीकडे राहिली, आता माणसाचा जीव वाचवायचा होता.

तेव्हा बाहेर आमचे हवालदार जीपची पूजा करत होते. नारळ फोडून त्यांनी जीपचा सायरन एकदा मोठ्याने वाजवला. मी खिडकीतून ओरडलो, हे काय चाललंय.

हवालदार म्हणाले, "साहेब, पूजा केली आन् वाजवलं न्हाय, तर ती पूजा लागत न्हाय बगा."

मागून अण्णांचा आवाज आला. "खरं हाय. यंत्राला मुकं ठिवून पुजायचं न्हाय."

मी वळून पाहिलं. अण्णांनी सायरनच्या दिशेने हात जोडले होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षानुवर्षं तोंड बंद करून बसलेला तो माणूस नव्हताच. भोंगा बोलतो वाफेवर, आणि वाफ निघते खौलत्या पाण्यातून. वाफेला बॉयलर लागतो, तो सूत रंगवायच्या, डाईंगच्या कारखान्यात असतो. खंडेनवमीला तर सगळे कारखाने पूजा करून बंद. मी दोन-दोन पायऱ्या चढत ठाण्याच्या गच्चीवर गेलो. कारखान्यांच्या सगळ्या चिमण्या गप्प होत्या. एका चिमणीतून तेवढा धूर निघत होता.

खाली येऊन म्हणालो, "चला अण्णा, तुमच्या पाहुण्याला भेटू."

अण्णा हसले. "सापडलं की वो तुमाला. आदी सांगितलं असतं तर तुमी आडवलं असतं. उद्यापास्नं काचेत जानार तो. आज बोलला न्हाय, तर मग कदीच न्हाय. खोलीचं काय, दुसरी बगता येती."

चिटणीसांनाही गाडीत घेतलं. डाईंगच्या आवारात अण्णांचे तीन म्हातारे सोबती धुवट शर्ट घालून उभे होते. घासून लखलखीत केलेला भोंगा वाफेच्या नळीवर बसवलेला, गळ्यात झेंडूची माळ. कारखान्याचा मालक आणि बॉयलरवाला कौतुकाने बघत होते. आमची गाडी पाहून सगळ्यांचे चेहरे पडले.

चिटणीस गरजले, "साहेब, ताबडतोब जप्त करा."

कायद्याने मला तेच करायला हवं होतं. पण कायद्यात सवडही असते, ती शोधावी लागते. मी म्हणालो, "जप्तीआधी मुद्देमालाची ओळख पटायला हवी. हा तुमचाच भोंगा कशावरून?"

"म्हणजे? दिसत नाही का?"

"पितळ सगळं सारखंच दिसतं. आवाजावरून ओळख पटवू."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तेवढ्यावर माझी सगळी नोकरी वसूल झाली. बॉयलरवाल्याने झडप उघडली. भोंगा आधी खोकला, गढूळ पाणी थुंकला, फुरफुरला. आणि मग उठला तो आवाज. छातीची हाडं थरथरली. चौघे म्हातारे ताठ उभे, डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. समोरच्या घरांतून बायका पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आल्या. एका आजोबांचे पाय आपोआप चपला शोधू लागले.

चिटणीस नकळत दोन पावलं पुढे आले होते. आवाज विरल्यावर हळूच म्हणाले, "माझी आई या भोंग्यावर आम्हाला शाळेत पाठवायची. हाच तो. ओळख पटली."

तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. ड्यूटीवरचा अंमलदार घाबरलेला. "साहेब, फोनवर फोन येतायत. लोक विचारतायत, गिरणी सुरू झाली का?"

"काय सांगितलंस?"

"काय सांगू, साहेब?"

"सांग, खंडेनवमी आहे."

स्टेशन डायरीला नोंद केली: तक्रार गैरसमजुतीतून, वस्तू सुस्थितीत मिळून आली, कोणाविरुद्धही तक्रार नाही. अण्णांची खोली राहिली. दसऱ्याला भोंगा काचेत गेला, पण चिटणीसांनी त्या पेटीला बिजागऱ्या लावून घेतल्या. आता खंडेनवमीला तो रीतसर बाहेर निघतो.

उभा जन्म मी लोकांना बोलतं करण्यात घालवला. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. ते बहुतेक वेळा खरंही निघतं. पण एखादा नुसताच त्याच्या वेळेची वाट बघत बसलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. निवृत्तीला थोडे दिवस उरलेल्या माणसाने ते जरा मनावरच घेतलं.

अजूनही खंडेनवमीला सकाळी अण्णांचा फोन येतो.

"साहेब, जागं हाय न्हवं? मुद्देमाल बोलतोय, ऐका."

मी फोनचा स्पीकर चालू करतो आणि बायकोला हाक मारतो.