प्रिचर्डच्या वरचं नाव

लॉर्नामावशीसमोर कुणी आमच्या पाणवठ्याला ‘प्रिचर्ड वेल’, म्हणजे प्रिचर्डची विहीर, म्हटलं की त्याची शंभरी भरलीच.

“प्रिचर्ड तुझा सासरा लागतो का रे?” ती विचारायची. “त्यानं केला हा पाणवठा? मेला गोरा गुरांना पाणी पाजायला आला, माझ्या आजीला बंदूक दाखवून हाकललं, आणि वर नावही त्याचंच?”

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आम्हा वाळवंटातल्या आदिवासींत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, त्यामुळे तिच्या शिव्या मी हक्कानं खाल्ल्यात. पाणवठ्याचं जुनं नाव तिनं आपल्या एकुलत्या एका लेकीला दिलं होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. मावशी अजून आहे.

रस्त्यावरच्या सरकारी पाटीवर नुसता प्रिचर्ड होता. ती बदलावी म्हणून मावशी वर्षानुवर्षं भांडली. अखेर सरकार कबूल झालं, पण दोन्ही नावं ठेवू म्हणालं. वर आमचं, खाली त्याचं. मावशीचा तिळपापड झाला. “त्या चोराला माझ्या लेकीच्या पंगतीला बसवता?”

लेक तेव्हा शहरात होती. मूत्रपिंडं गेलेली, एक दिवसाआड दवाखान्यातल्या यंत्राला जोडलेली, पाणीसुद्धा घोट घोट प्यायची. फोनवर हसत म्हणाली, “असू दे गं आई, खालीच आहे ना तो? पाटी लागली की मी येणार. माझ्याच नावाखाली उभं राहून फोटो काढायचाय मला.”

पाटी लागायच्या आधीच ती गेली.

आमच्यात माणूस गेलं की त्याचं नाव मिटतं. ते तोंडातून काढायचं नाही, लिहिलेलं दिसू द्यायचं नाही, फोटोही झाकायचे. घरचे मोठे मोकळं करतील तोवर. गेलेलीला सगळे ‘कुमनजायी’ म्हणू लागले, नाव मिटलेल्या माणसाला म्हणतात तसं. तेच नाव पाणवठ्याचं, म्हणून तेही मिटलं. मग पाण्यावर जाताना सांगायचं काय? लोक मावशीकडे न बघता पुटपुटायचे, “प्रिचर्डवर जाऊन येतो.” एकदा माझ्याही तोंडून निघालं. तिनं शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

अशात रस्तेखात्याचा डॅरेल ट्रकमधून नवी पाटी घेऊन आला. बिचारा खुशीत होता. त्यानं पाटी उतरवली आणि वरच्या ओळीत गेलेलीचं नाव दिसलं, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत. बायकांनी तोंडं फिरवली. कुणीतरी हंबरडा फोडला.

“परत ने ती,” मावशीचा भाऊ वॉल्टरमामा म्हणाला.

“नेतो की,” डॅरेल ओशाळून म्हणाला. “पण मग जुनीच राहील, नुसती प्रिचर्डची. पुन्हा मंजुरी मिळेल की नाही, देव जाणे.”

मावशी पुढे झाली. “लाव,” ती म्हणाली.

पाटी उभी राहिली तशी तिनं डोक्याचा काळा रुमाल सोडला. लेकीच्या दुखवट्यात कापलेले केस उघडे पडले. डोळे घट्ट मिटून, चाचपडत, तिनं तो रुमाल वरच्या ओळीवर बांधला.

डॅरेलनं रेडिओ उचलला. “कुठली पाटी लागली म्हणून कळवू?”

“प्रिचर्ड वेल म्हणून सांग,” मावशी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं पाणवठ्याला ते नाव लावलं आणि तिथंच लाल मातीत बसली.

दोनेक वर्षांनी वॉल्टरमामानं नाव मोकळं केलं. रुमाल मावशीनंच सोडला. पोरं ते नाव ओरडत पाण्यात उड्या मारू लागली. “आता तूही घे, लॉर्ना,” मामा म्हणाला. “तुझंच आहे ते.” तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्या नावाला तो आजतागायत फुटलेला नाही.

दर शनिवारी ती बादली आणि फडकं घेऊन पाटीवरची वरची ओळ पुसायला जाते. कुठं निघालीस विचारलं की म्हणते, “प्रिचर्डवर.” खालच्या ओळीकडे ढुंकूनही बघायची नाही. धुळीनं ती पार मळून गेली होती.

परवा मीही सोबत गेले. वरची ओळ झाल्यावर तिनं फडकं पिळलं आणि खालचीही पुसायला घेतली. मी बघतच राहिले.

“मग काय करू?” ती खेकसली. “हेही दिसेनासं झालं, तर मी कुठं जाते म्हणून सांगायचं?”