कागदाचं गाणं

जमीन गेलेल्या गावकऱ्यांवर मी एक संगीत नाटक लिहिलं होतं. चालीही माझ्याच. पनवेलच्या शाळेत शिकवून झालं की मी पेटी घेऊन रोडपालीच्या एका हॉलमध्ये तालमीला जायचो. नाटकातला म्हातारा शेतकरी साहेबाच्या टेबलावर हात आपटून गायचा, "माजा कागद माज्या हाती दे!" कागद म्हणजे त्याचा सातबारा. ते काम ओवे गावचे एक काका करत. त्यांची स्वतःची शेतीही तशीच गेलेली, त्यामुळे त्यांना अभिनय करावा लागत नव्हता.

माझा शाळेपासूनचा दोस्त आखातात क्रेन चालवायचा. सुट्टीवर आला तेव्हा तो एका तालमीला बसला, ते गाणं मोबाईलवर घेतलं आणि परत गेला.

दोन महिन्यांनी त्याने व्हिडिओ पाठवला. कामगारांच्या छावणीत शुक्रवारची दुपार. पत्र्याच्या खोल्यांच्या मधल्या जागेत चादर बांधून केलेला रंगमंच. माझीच चाल, पण गाणारा नेपाळी आणि मागे साथीला बांगलादेशी. टेबलावर हात आपटला जात होता तो पासपोर्टसाठी. कंपनीने सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले होते.

आधी मला रागच आला. न विचारता माझं नाटक बदललं! मग पुन्हा पाहिलं. समोर बसलेले दीडदोनशे लोक उभे राहून तीच ओळ म्हणत होते. मी त्याला लिहिलं, "हे बंद कर, तुम्हाला पकडतील." उत्तर आलं नाही. फोनही लागेना.

अकरा दिवस मी वर्गात एकच धडा पुन्हा पुन्हा शिकवत होतो. शेवटी त्याच्या घरी गेलो. भाभी, म्हणजे त्याची बायको, दारातच म्हणाली, "मास्तर, इथे तुम्ही गाणं म्हटलं तर टाळ्या पडतात. तिथे काय पडतं, माहितीय तुम्हाला?"

तिने पाणी दिलं, ते मी उभ्यानेच प्यायलो.

बाराव्या दिवशी तो स्वतःच आला. चेहरा उतरलेला, पण हसत होता. "पासपोर्ट दिला रे त्यांनी! सोबत परतीचं तिकीटही दिलं." त्याला आणि त्या नेपाळ्याला कामावरून काढलं होतं. बाकीच्यांचे पासपोर्ट मात्र आठवड्याभरात परत मिळाले होते.

"माझ्यामुळे तुझी नोकरी गेली," मी म्हणालो.

"तुझ्यामुळे? खुदा के वास्ते, एवढा मोठा होऊ नकोस. तू चाल दिलीस. उभे आम्ही राहिलो."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने दुसऱ्याच आठवड्यात बंदरावर काम शोधलं. भाभी माझ्याशी बोलू लागली, पण जपून.

पुढच्या तालमीला तो आला आणि छावणीत गाण्याला जोडलेलं नेपाळी कडवं त्याने काकांना शिकवलं. काकांनी विचारलं, "याचा अर्थ काय रं?"

"आमच्या आईला सांगा, आम्ही भीक मागत नाही."

"आमी बी नाय मागत," काका म्हणाले, आणि मला पेटी सुरू करायची खूण केली. माझी बोटं दोनदा चुकीच्या पट्टीवर पडली.