करडा रंग माझ्या पसंतीचा

गोवा राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी आमच्या डिचोलीच्या घराला रंग लावायचं ठरलं आणि रंग निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तोवर ते सासूबाई बघायच्या. दर गणेशचवथीआधी भिंतींना पांढरा चुना, खाली हातभर उंचीचा निळा पट्टा आणि दारंही निळीच. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. घरात आम्ही तिघं उरलो होतो: सासरे, खाणीवर मशीन चालवणारा माझा नवरा आणि प्राथमिक शाळेत शिकवणारी मी.

घर रस्त्याला लागून. दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि महिन्याभरात पांढऱ्या भिंती तांबूस व्हायच्या. "तांबडोच लाव, म्हणजे दिसूचाच नाय," नवरा हसत म्हणाला. मला हसू येईना. माहेरी धारगळला मला कुणी उशीचा अभ्रासुद्धा निवडायला सांगितला नव्हता.

धूळ दिसू नये म्हणून करडा घ्यायचा, एवढं मी ठरवलं. पण दुकानातून आणलेल्या शेड कार्डावर करडेच पाच होते. एक धुरासारखा, एक शिशासारखा, बाकीचे कशासारखे ते सांगता येत नव्हतं. सकाळी आवडलेला दुपारी निळसर दिसायचा आणि दिवेलागणीला मळका. वर्गात मुलांना गणितं घालून मी पर्समधलं कार्ड काढून बघत बसायची. त्यात शेजारीण म्हणाली, "राखेचो रंग गो? घराक?"

शेवटी कार्ड बाबांपुढे, म्हणजे सासऱ्यांपुढे धरलं. "बाबा, ह्यांतलो खंयचो लावूया?"

त्यांनी ते हातात घेतलं, फिरवलं आणि परत दिलं. "तुका व्हयो तो लाव."

नीट बघितलंसुद्धा नाही, असं मला वाटलं.

रंगारी दोडामार्गहून यायचा. भाषेच्या आंदोलनात बसगाड्या बंद पडल्या म्हणून तो दोन दिवस उशिरा आला आणि चार दिवसांत काम उरकून गेला. दारांचं त्यानेच सुचवलं. "बाई, दारांकय ह्योच मारूया. आता तीच फॅशन." मी हो म्हटलं. निळा पट्टा गेला, निळी दारं गेली. घर एकसारखं, शांत दिसायला लागलं. शाळेतल्या बाई येऊन बघून गेल्या, छान म्हणाल्या.

बाबा मात्र घरात बसेनासे झाले.

सकाळचा चहा ते आत माझ्याजवळ बसून घ्यायचे, तो ओसरीवर मागायला लागले. दुपारचं जेवणही तिथेच. आत आलेच तर भिंतीला हात लावत, सावकाश. नव्या रंगावर त्यांच्या तळव्याचे डाग उमटायचे आणि ते गेल्यावर मी ओल्या फडक्याने पुसायची. मला वाटायचं, हात लावून ते मला दाखवतायत, माझ्या बायकोचं घर तू कसं करून ठेवलंस. एकदा विचारलं, "बाबा, रंग बरो दिसना?" "बरो आसा," एवढंच म्हणाले, तेही भलतीकडे बघत.

"तूच बोल त्यांच्याकडे," नवरा म्हणायचा. त्याचाही धीर होत नव्हता. पुन्हा पांढरा मारून घ्यावा असं मनात येऊन मी रंगाऱ्याला निरोपसुद्धा धाडला.

एका गुरुवारी गावात काही गडबड होईल म्हणून शाळा लवकर सोडली. मी घरी आले तर ओसरी रिकामी. आत गेले. मधल्या वाटेत बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. दोन्ही तळवे भिंतीवर ठेवून ते हळूहळू एका बाजूला सरकत होते, मग दुसऱ्या. धोतराची कड ओली झाली होती. न्हाणीचं दार त्यांच्या उजव्या हातापासून वीतभर लांब होतं.

"बाबा?"

ते दचकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार खंय आसा गो?"

मी त्यांचा हात धरून दारावर ठेवला. ते बाहेर आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर जमिनीवर बसले.

"कधीपासून दिसना तुमका?"

"दोन वर्सां झाली. धुक्यासारख्या दिसता. निळ्या पट्ट्याक धरून चलत होतंय. निळा वयर चडला की दार."

"आमका सांगूक नाय?"

"तुजी सासू होती मगे. ती हांक मारी, अवो हय या, अवो थय पायरी आसा. तुमका कळला नाय." मग म्हणाले, "तुया हौसेन रंग लावलंस. कसा सांगू?"

रंगाऱ्याची वाट बघायला मी थांबले नाही. बाजारातून निळ्या ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश आणला आणि त्याच दुपारी सगळ्या चौकटी स्वतः रंगवल्या. ब्रश कधी हातात धरला नव्हता, रंग भिंतीवर उतरत होता. नवरा कामावरून आला, ऐकून दारातच बसला आणि रडला.

पुढच्या आठवड्यात त्यांना म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून पदराला पीळ घालत होते. जाड भिंगाचा चष्मा लावून ते घरी आले, ओसरीवरून आत शिरले आणि न्हाणीच्या चौकटीपाशी थांबले.

"ह्यो कोणी लावल्यान? सगळो वाकडो!"

किती दिवसांनी मी मोठ्याने हसले. मग त्यांनी भिंती बघितल्या, करडा रंग चांगला आहे म्हणाले आणि चहा मागितला, आतच.

डावा डोळा मात्र गेला तो गेलाच. मोतीबिंदू पिकून आत दाब वाढला होता. डॉक्टर सहज बोलल्यासारखं म्हणाले, वर्षभर आधी आणायला हवं होतं. त्या वर्षभर मी रोज दोनदा त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं होतं आणि त्यांचा हात आधी ताटाची कड चाचपतो, हे बघितलंही होतं. म्हाताऱ्यांची सवय, असं समजून मी आत वळायची.