मोठ्या पडद्यावरचं नाव

तो पिच्चर थेटरात लागायच्या लायकीचा नव्हता. माझ्या नवऱ्याने त्यातली मारामारी बसवली होती, तरी सांगते, नव्हता. चारकोपच्या एका बंद पडलेल्या गाळ्यात अख्खा उरकला. दर फाईटमध्ये तीच ती पिंपं उडायची. हिरोला धड गुद्दा मारता येत नव्हता, वर म्हणे लादी निसरडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं.

मी ह्याला म्हटलंही, "मोबाईलवर टाका म्हणावं आणि मोकळे व्हा. तिकीट काढून कोण जाणार रे?"

"थेटरात नाव आलं की फाईट मास्टर म्हणून काम मिळतं," गुडघ्याला तेल चोळत तो म्हणाला. "मोबाईलवरचं कोण विचारतंय?"

इतकी वर्षं हा हिरोंच्या नावावर गच्च्यांवरून उड्या मारत आला. आता गुडघ्याची वाट लागली होती, डॉक्टरने उडी बंद सांगितली होती. मास्टर झाला तर दुसऱ्यांना उड्या मारायला शिकवणार, नाहीतर परत स्वतःच मारणार. मग मी तो विषयच सोडला. बोलून बोलून वैताग आला होता.

बोरीवलीला सकाळचा एकच शो मिळाला. माझे सासरे गिरणीतली नोकरी सुटल्यापासून थेटरात गेले नव्हते. ते नवा सदरा घालून, पिशवीत नारळ घेऊन आले. पिच्चरआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. गेटवरच्या बाईने पिशवी उघडली.

"बाहेरचं खाणं चालत नाही, काका."

"अगो, ह्या देवाचा आसा."

"देवाचं असलं तरी खाणंच ना." तिने नारळ टेबलाखाली ठेवून घेतला. मला तिचा रागही येईना, एवढी मी दमले होते.

आत आम्ही तिघं, एक जोडपं आणि एसीत झोपायला आलेला एक माणूस. सुरुवातीच्या नावांत प्रोड्यूसरचं खानदान होतं. "आपलं शेवटी येणार," हा कानात म्हणाला. जिन्यावरची एक फाईट मात्र झकास होती, खोटं कशाला बोलू. नेमकं तेव्हाच जोडपं उठून गेलं.

शेवटी नावं वर सरकायला लागली. हिरोच्या मेकअपवाल्याचं आलं, ड्रायव्हरचं आलं, आणि दिवे लागले. नावं अर्धीच तुटली, पडदा कोरा. झाडूवाले आत शिरले, पुढच्या शोची घाई. ह्याने मागच्या प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघून हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

बाबा सीटखाली चप्पल शोधत होते. त्यांनी मान वर केली. "इला काय रे नाव?"

"आलं ना, बाबा," मीच पटकन म्हटलं. "आत्ताच गेलं. तुम्ही चप्पल शोधत होतात."

"मेली ती चप्पल," म्हणत ते स्वतःवरच चिडले.

खाली नारळ परत मिळाला. बाबांनी फुटपाथवरच चपला काढल्या आणि नारळ दोन्ही हातांत धरला. आमच्यात गाऱ्हाणं सुरू झालं की बाकीच्यांनी होय म्हणायचं, दुसरं काही बोलायचं नाही.

"बा देवा म्हाराजा, आज माझ्या झिलाचा नाव मोठ्या पडद्यार इला."

"होय म्हाराजा," मी एकटीच म्हणाले. हा आपल्या बुटांकडे बघत होता.

"आता तेच्यार परत उडी मारूची पाळी हाडू नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," हा म्हणाला. इतक्या मोठ्याने, की स्टँडवरचे रिक्षावाले वळून बघायला लागले.